समानुभूती मोजताना : प्रस्तावना

मोबाइलवर दहा प्रश्न सोडवायचे आणि दोन मिनिटांत निकाल हाती: ‘अभिनंदन! तुम्ही अत्यंत संवेदनशील आहात. इतरांचं दुःख तुम्हाला न सांगताच कळतं.’ खाली फुलापानांचे चित्र आणि हा निकाल मित्रमंडळींना पाठवण्याचे बटण. मानसशास्त्र शिकवणाऱ्याला असा निकाल कोणी ना कोणी विद्यार्थी आणून दाखवतोच आणि विचारतो, ‘सर, हे खरं असतं का?’

‘अजिबात नाही’ असे सांगून तास पुढे नेता येतो. पण ते उत्तर आळशीपणाचे झाले. कारण विचारणाऱ्याने नकळत आमच्या शास्त्रातल्या एका अवघड प्रश्नालाच हात घातलेला असतो. दुसऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला किती कळते, ते कळून आपल्या आत काही हलते का, आणि हे सारे आकड्यात मांडता येते का? या प्रश्नावर गेली पंचाहत्तर वर्षे काम चालू आहे. त्यात उत्तम कल्पना आहेत, फसलेले प्रयोग आहेत, आणि अजून न मिटलेले वादही आहेत. त्या कामाची ओळख मराठीतून करून द्यावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू.

हे पुस्तक मानसशास्त्राच्या पदवी वर्गात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बी.एड., समाजकार्य आणि नर्सिंग शिकणाऱ्यांसाठी आहे. संख्याशास्त्राचे नाव काढले की ज्यांना घाम फुटतो, पण माणसांबद्दल ज्यांना कुतूहल आहे, अशा वाचकांसाठीही आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांतून फिरताना एकच गोष्ट ध्यानात ठेवावी अशी विनंती आहे. प्रश्नावलीतून कळते ती माणसाची स्वतःबद्दलची समजूत. त्याच्या अंगी समानुभूती किती, याचा दाखला मात्र समोरच्या माणसाकडे असतो. या दोहोंत कधी मेळ बसतो, कधी बसत नाही. तो का बसत नाही, हे शोधणे म्हणजेच हा विषय.

पहिली अडचण अशी की समानुभूती ही एक वस्तू नाही. ते समजावून घ्यायला परदेशी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला महापूर कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला, मालट्रकच्या रांगा लागल्या. शिरोळ तालुक्यात गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली. आंबेवाडी, प्रयाग चिखलीच्या लोकांना घरे सोडावी लागली. त्या दिवसांत माणसे कशी वागली ते आठवून पाहा.

एकाला छपरावर अडकलेली माणसे टीव्हीवर पाहून भरून आले. ही कळकळ. दुसऱ्याचा तेच दृश्य पाहून जीव इतका घाबरा झाला की त्याने चॅनेल बदलला. हीसुद्धा दुसऱ्याच्या दुःखाचीच प्रतिक्रिया, पण तिचे तोंड स्वतःकडे आहे. ही आपलीच घालमेल. तिसरा प्रकार बोटीवरचा. बोट दारात उभी आहे, पाणी चढते आहे आणि घरातला म्हातारा चढायला तयार नाही, कारण गोठ्यात म्हैस बांधलेली आहे. ‘जीव महत्त्वाचा का जनावर?’ असे त्याच्यावर ओरडणाऱ्याचे काही चुकत नाही. पण ‘म्हशीचं काय करायचं ते आधी ठरवू, मग चढा’ असे म्हणणाऱ्याला म्हाताऱ्याच्या जागी उभे राहून बघता आले. दूध संस्थेच्या पगारावर ज्याचे घर चालते त्याला म्हैस सोड म्हणणे म्हणजे काय, हे त्याला कळले. चौथी गोष्ट याहून वेगळी: कादंबरीतल्या किंवा सिनेमातल्या माणसात शिरून त्याचे सुखदुःख जगण्याची हौस.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क डेव्हिस यांनी १९८० मध्ये जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती नेमक्या याच चार भागांची आहे. दृष्टिकोन घेणे, कळकळ, स्वतःची घालमेल आणि कल्पनेत शिरणे, प्रत्येकी ७ अशी २८ विधाने. या चारांची बेरीज करून एकच आकडा काढावा, अशी तिची रचना नाही. चारही गुण वेगवेगळे वाचायचे असतात. का, तेही पुरानेच दाखवले. महापुरानंतर मदतीच्या कामात ज्यांनी हात घातला आहे अशा कोणालाही विचारा. गाठोडी बांधून आलेल्या जुन्या कपड्यांचे काय करायचे, हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. आणि जनावरांचा चारा, सॅनिटरी पॅड, चिखल ओढायची फावडी, भिजून गेलेल्या वह्या-पुस्तकांऐवजी नवी, असल्या गोष्टी आठवणीने पाठवणारे थोडे असतात. कपडे पाठवणाऱ्यांकडे कळकळ कमी होती असे कोण म्हणेल? पण घरात पाणी शिरलेल्या बाईला आज सकाळी नेमके काय लागेल, इथपर्यंत विचार पोचला नाही. मोबाइलवरची चाचणी या दोघांना एकच गुण देऊन मोकळी होते.

आता एक प्रश्न जवळून पाहू. कुठल्या चाचणीतला उचलण्यापेक्षा नमुन्याला आपणच एक बनवू: ‘कोणी रडत असेल तर मी जवळ जाऊन विचारपूस करतो.’ पर्याय: नेहमी, बरेचदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही.

वरवर पाहता निरुपद्रवी विधान आहे. पण ‘कोणी’ म्हणजे कोण? घरातली धाकटी बहीण, की मध्यवर्ती बस स्थानकाच्या बाकावर एकटी बसलेली अनोळखी मुलगी? तिच्याजवळ एखादा परका पुरुष जाऊन वाकून विचारू लागला तर तिला आधार वाटेल की भीती? काही माणसांना रडताना कोणी बघितलेले आवडत नाही. अशा वेळी न पाहिल्यासारखे करून पुढे जाणे हीच समज असते, आणि तसे करणाऱ्याला इथे शून्य गुण मिळतात. ‘नेहमी’ हा शब्द तर आणखी फसवा. महिन्यातून एकदा कोणाचे रडणे पाहणारा आणि रुग्णालयाच्या वॉर्डात रोज ते पाहणारी परिचारिका, यांचे ‘नेहमी’ एक कसे होईल?

शिवाय, या प्रश्नाचे ‘चांगले’ उत्तर कोणते हे सातवीतल्या पोरालाही कळते. लोकांत बरे दिसेल असे उत्तर देण्याकडे माणसाचा कल असतो. तो किती, हे तपासायला डग्लस क्राऊन आणि डेव्हिड मार्लो यांनी १९६० मध्ये ३३ विधानांची स्वतंत्र मापनश्रेणीच तयार केली. आमच्याकडे याची उलटी बाजूही दिसते. पुरात कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन आलेला एखादा तालमीतला पोरगा ही प्रश्नावली भरायला बसला, तर तो ‘कधी कधी’वर खूण करील. वर म्हणेल, ‘आपण काय, जमंल तेवढं करतो.’ स्वतःची बढाई मारायची नाही असे ज्याला घरातून शिकवले आहे, तो या चाचणीत मागे पडणारच. आणि जो समाजमाध्यमांवर रोज चार हळवे सुविचार टाकतो, तो बिनधास्त ‘नेहमी’वर बोट ठेवील. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांची स्वतःकडे बघण्याची रीत वेगळी आहे, आणि चाचणीने टिपली ती तीच.

याहून खोल अडचण पुढे आहे. ज्याला समोरच्याचे मन कळत नाही, त्याला ते कळत नाही हेही कळत नाही. आपण कोणाला दुखावले, कोणाचे ऐकून घेतले नाही, हे समजायलाच मुळात समानुभूती लागते. उंची, वजन किंवा गणितातले गुण याबाबत असे होत नाही. इथे जे मोजायचे तेच मोजणाऱ्याच्या हातात हवे.

हे संकट आमच्या आधीच्या लोकांना ठाऊक होते. १९४९ मध्ये रोझलिंड डायमंड या संशोधिकेने जी कसोटी मांडली, ती स्वतःबद्दल विचारून थांबत नव्हती. छोट्या गटातल्या प्रत्येकाने स्वतःला आणि इतरांना काही गुणांवर श्रेणी द्यायची. मग अमका स्वतःला किती देईल आणि मला किती देईल, याचा अंदाज करायचा. अंदाज जितका जुळेल तितकी समानुभूती जास्त. कल्पना देखणी होती. पण १९५५ मध्ये ली क्रॉनबॅक यांनी तिच्यातली मेख दाखवली. वर्गातली बहुतेक मुले स्वतःला मध्यम श्रेणी देतात हे ज्याला माहीत आहे, तो सगळ्यांबद्दल ‘मध्यम’ असा अंदाज करूनही वर येतो. समोरची मुलगी स्वभावाने आपल्यासारखीच असेल, तर स्वतःचेच उत्तर तिच्या नावावर लिहूनही अंदाज बरोबर ठरतो. माणूस ओळखल्याचे गुण आणि ठोकताळ्याचे गुण एकमेकांत मिसळून गेलेले होते. क्रॉनबॅक यांचा तो लेख आजही या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

त्यानंतर बरेच संशोधक सोप्या वाटेने, म्हणजे स्वतःबद्दल विचारण्याच्या वाटेने गेले. रॉबर्ट होगन यांची ६४ विधानांची श्रेणी १९६९ मध्ये आली, मेहराबियन आणि एपस्टाइन यांची ३३ विधानांची १९७२ मध्ये, मग डेव्हिस यांची. २००४ मध्ये केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सॅली व्हीलराइट यांनी ६० विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातली २० विधाने केवळ लक्ष विचलित करण्यासाठी घातलेली आहेत. गुण उरलेल्या ४० विधानांना, जास्तीत जास्त ८०. मोबाइलवरच्या चाचण्या याच घराण्यातल्या म्हणवून घेतात. मूळ प्रश्नावलीतली थोडी विधाने उचलायची, लक्ष विचलित करणारी काढून टाकायची, भाषा सोपी करायची, निकालात गोड वाक्ये घालायची. घराणे तेच, पण रियाज गायब.

दुसरीकडे काहींनी अवघड वाट सोडली नाही. विल्यम इक्स यांनी १९९० च्या सुमारास एक पद्धत बसवली. दोन माणसे सहज बोलत असताना त्यांचे चित्रण करायचे. नंतर त्यातल्या एकाला ते एकटे बसवून दाखवायचे. जिथे जिथे आपल्या मनात काही आले होते तिथे तो चित्रण थांबवतो आणि ते लिहून ठेवतो. मग त्याच जागी थांबून दुसऱ्याने ओळखायचे, तेव्हा याच्या मनात काय होते. दाखला समोरच्याकडे असतो, हे इथे पद्धतीतच उतरले आहे. बॅरन-कोहेन यांच्या गटाने २००१ मध्ये सुधारून आणलेल्या कसोटीत ३६ छायाचित्रे आहेत. प्रत्येकात फक्त डोळ्यांचा भाग दिसतो. चारपैकी नेमका भाव निवडायचा. तिच्यावर आक्षेपही आहेत. छायाचित्रे ब्रिटिश मासिकांतून घेतलेली, आणि पर्यायांतले शब्द असे की ज्याचा शब्दसाठा मोठा त्याला चार गुण जास्त मिळावेत.

आता या दोन वाटांची गाठ घालू. जो स्वतःला ‘मला लोकांच्या मनातलं कळतं’ असे गुण देतो, त्याला अशा कसोट्यांत ते खरेच कळते का? २०१९ मध्ये ब्रेट मर्फी आणि स्कॉट लिलियनफेल्ड यांनी ८५ अभ्यासांतील १४ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. माणसामाणसांतल्या प्रत्यक्ष कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम १ टक्का स्वतःबद्दलच्या उत्तरांवरून सांगता येतो. हा निष्कर्ष मन ओळखण्याच्या क्षमतेपुरता आहे, कळकळीबद्दल नाही, हे लक्षात ठेवावे. तरीही ‘तुम्हाला न सांगताच कळतं’ असे छातीठोकपणे लिहिणाऱ्या निकालाचे काय करायचे, हे वेगळे सांगायला नको.

हीच सावधगिरी मोठ्या बातम्यांबाबतही बाळगावी. अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची समानुभूती १९७९ ते २००९ या काळात घसरली, असा सारा कॉनरथ आणि सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास जगभर गाजला. तो ७२ नमुन्यांवर आधारलेला, कसून केलेला अभ्यास होता. त्याच्या आधारे एका पिढीला स्वार्थी ठरवणारे लेख लिहिले गेले. पुढे त्याच संशोधिकेने नंतरच्या वर्षांची माहिती तपासली, तेव्हा आकडे पुन्हा वर चढलेले आढळले. पोरे तीस वर्षे बिघडत गेली आणि नंतर सुधारली, असे समजायचे? की स्वतःबद्दल काय सांगावे याची रीत बदलली? हे आकडे ज्या डेव्हिस यांच्या प्रश्नावलीवर उभे आहेत, तिच्यातून या दोन शक्यता वेगळ्या काढता येत नाहीत.

मग लोकांना मोबाइलवरचे असले निकाल पटतात कसे? याचेही उत्तर १९४९ मध्येच मिळाले होते. बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला ‘तुमचे’ म्हणून एक वर्णन दिले. ते कितपत जुळते, याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्यांनी उघड केले की सर्वांना शब्दशः तेच वर्णन दिले होते, आणि त्यातली वाक्ये स्टॉलवर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतली होती. ‘वरून तुम्ही कणखर दिसता, पण आतून हळवे आहात’ हे वाक्य कोणाला लागू पडत नाही?

चांगले माप कसे असते, हे समजायला आपल्या गावातले एक उदाहरण पुरे आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, हे कोल्हापुरात शाळकरी मुलेही सांगतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. त्या आकड्यावर गाव विसंबते त्याला कारणे आहेत. कोणीही वाचले तरी आकडा तोच येतो. मापनशास्त्रात याला विश्वसनीयता म्हणतात. ते माप पाण्याची उंचीच मोजते, पाण्याचे स्वतःबद्दलचे मत नाही, ही यथार्थता. आणि ३९ आले की काय करायचे, ४३ आले की काय, हे वर्षानुवर्षांच्या अनुभवावरून ठरलेले आहे, ही प्रमाणके. मोबाइलवरची चाचणी या तिन्ही ठिकाणी तपासा. आज सोडवली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा सोडवली, तर गुण तेच येतात का? ती समानुभूती मोजते, की चांगले दिसण्याची इच्छा? आणि ८० पैकी ५६ आले तर ते कोणाच्या तुलनेत? केंब्रिजच्या प्रौढांच्या, की गडहिंग्लजच्या बारावीतल्या मुलींच्या?

एवढे सगळे वाचून स्वतःबद्दल विचारणाऱ्या प्रश्नावल्या केरात टाकाव्यात असे वाटेल. तसे करू नये. अमेरिकेत मोहम्मदरझा होजात आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांसाठी २० विधानांची ‘जेफरसन’ श्रेणी तयार केली. तिच्या आधारे २०११ मध्ये त्यांनी मधुमेहाच्या ८९१ रुग्णांची माहिती तपासली. ज्या डॉक्टरांचे गुण वरचे होते, त्यांच्या ५६ टक्के रुग्णांची साखर नीट नियंत्रणात होती. ज्यांचे गुण खालचे, त्यांच्या ४० टक्के. म्हणजे डॉक्टरने स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांतही काहीतरी खरे सापडत होते. मग ही श्रेणी कुठे वेगळी? ती एका भूमिकेपुरती आहे, वर्षानुवर्षे तपासलेली आहे, आणि तिचा पडताळा रुग्णाच्या रक्तातल्या आकड्याशी घेतलेला आहे. शिवाय कळकळ किंवा घालमेल माणसाला आतून जाणवते. ती त्याला न विचारता कशी कळणार? तेव्हा मुद्दा प्रश्नावली वापरण्याचा किंवा न वापरण्याचा नाही. तिच्या उत्तरांना दुसऱ्या कोणाचा पाठिंबा आहे का, हे पाहण्याचा आहे.

हा दुसरा कोणी म्हणजे अनेकदा मदत घेणारा. ग्लासगोच्या स्ट्युअर्ट मर्सर यांनी २००४ मध्ये केलेल्या प्रश्नावलीतले १० प्रश्न डॉक्टरला नाही, रुग्णाला विचारलेले आहेत: त्यांनी तुमचे नीट ऐकून घेतले का, तुमची काळजी त्यांना समजली का. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांच्यासाठी ‘एटकॉम’ हा वेगळा भाग आला आहे. त्यात शिकलेले मोजायचे कसे, हा प्रश्न प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयासमोर आहे. ज्यांना संख्यांपेक्षा माणसांतून शिकायला आवडते त्यांनी कोल्हापूरच्याच नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन हाती घ्यावे. व्हीलचेअरवर आयुष्य काढत इतर अपंगांसाठी संस्था उभी करणाऱ्या या बाईंचे पुस्तक वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारत राहावे: इथे मदत करणाऱ्याला काय वाटले असेल, आणि घेणाऱ्याला ती कशी लागली असेल?

आणखी एक पेच या विषयात शिरणाऱ्याने लवकर ओळखून ठेवावा. समानुभूती माणसात असते असे धरून आपण मोजायला निघतो. पण ती प्रसंगातही असते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत भाषणासाठी पाठवले. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि फार उशीर झाल्याचे सांगितलेल्यांपैकी १० टक्के. विषय कोणता, याने मोठा फरक पडला नाही; घड्याळाने पडला. गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला मिळणारी मिनिटे मोजल्याशिवाय तिथल्या डॉक्टरची समानुभूती मोजणे म्हणूनच अर्धवट ठरते.

कोल्हापूरच्या इतिहासाने याची एक बाजू फार पूर्वी दाखवली आहे. शाहू महाराजांच्या काळात इथे १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची विद्यार्थी वसतिगृहे उभी राहत गेली. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. खेड्यातल्या पोराबद्दल शहरातल्या अधिकाऱ्याला किती कळवळा वाटतो, यावर त्या पोराचे शिक्षण अवलंबून राहू नये, अशी ती तजवीज होती. व्यक्तीच्या मनातले कळणे व्यवस्थेत उतरते तेव्हा ते कसे मोजायचे? जगात यावर फार थोडे काम झाले आहे. हे शहर त्यासाठी चांगली जागा आहे.

मराठीत मानसमापनाची परंपरा नाही असे कोणी समजू नये. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी अनुकूलन केले. १९४० मध्ये त्यावरचे त्यांचे पुस्तक आले, आणि ‘बिने-कामत’ हे नाव भारतभर रूढ झाले. त्यांनी परकी कसोटी नुसती मराठीत उतरवली नाही. इथल्या मुलांवर वापरून, तपासून, विधाने वरखाली करून ती इथली केली. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीनेही बुद्धिमत्तेच्या कसोट्यांवर दीर्घकाळ काम केले. बुद्धीसाठी जे झाले ते समानुभूतीसाठी व्हायचे आहे. गोठ्यातल्या म्हशीचा प्रसंग ज्यात आहे अशी कसोटी केंब्रिजमध्ये तयार होणार नाही. ऊसतोडणीच्या टोळीबरोबर फिरणारे मूल वर्गात गप्प का बसते, सीमाभागातल्या घरात कोणत्या भाषेत रागावले तर जास्त लागते, भावकीतल्या तंट्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे कोणाला कळते, असे प्रसंग गोळा करून, लोकांकडून तपासून घेऊन कसोटी करणे हे इथल्याच विद्यार्थ्यांचे काम आहे.

निघण्यापूर्वी एक व्यावहारिक इशारा. गंमत म्हणून सोडवलेली चाचणी तुमच्याबद्दल तुम्हाला फारसे सांगत नाही; दुसऱ्यांना मात्र बरेच सांगू शकते. फेसबुकवरच्या ज्या व्यक्तिमत्त्व चाचणीची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीकडे गेली, ती भारतात अवघ्या ३३५ जणांनी उतरवून घेतली होती. त्यांच्या मित्रयाद्यांमधून मिळून ५,६२,४५५ भारतीयांची माहिती बाहेर गेली असू शकते, असे फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितले. जगभरात हा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. पुढे जे स्वतः संशोधन करतील, त्यांनी आपल्या प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर ही माहिती कशासाठी हवी आणि किती दिवस ठेवणार, हे साध्या मराठीत लिहावे. ज्याची समानुभूती मोजायची त्याच्याशी आपले वागणे कसे, हाही मापनाचाच भाग आहे.

पुस्तकाची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. घाईत असलेल्यांनी प्रश्नावल्यांवरचे प्रकरण आधी वाचावे. गणिताची भीती असलेल्यांनी विश्वसनीयतेचे प्रकरण शेवटी ठेवावे, पण टाळू नये. प्रत्येक प्रकरणाअखेरीस वर्गात करण्याजोगा एक उपक्रम दिला आहे. पहिला इथेच सांगतो. आवडेल ती समानुभूतीची चाचणी घ्या आणि सोडवा. मग तीच, ‘मी’च्या जागी तुमचे नाव घालून, तुमच्याबरोबर राहणाऱ्या दोघांना तुमच्याबद्दल भरायला द्या: एक तुमच्याहून वयाने मोठा, एक लहान. शक्य असेल तर तिसरी प्रत अशा व्यक्तीला द्या जिला तुमच्याकडून काम करून घ्यावे लागते, किंवा जिच्याकडून तुम्ही काम करून घेता. उत्तरे देणाऱ्यांवर रागवायचे नाही, ही एकच अट. चारही कागद शेजारी ठेवा आणि बेरीज करू नका. कोणत्या विधानावर तुमचे आणि त्यांचे सर्वांत जास्त बिनसले, ते शोधा आणि त्यांना त्यामागचा प्रसंग विचारा. जे उत्तर मिळेल ते लिहून काढा. तुमच्या अभ्यासाची पहिली नोंद तीच असेल, आणि ती दुसऱ्याने सांगितलेली असेल.